साक्ष कोण देणार?

भाऊबीज उलटली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात आणि वडशाच्या नाट्यमंडळांच्या गाड्या गावोगाव धावू लागतात. पुस्तकंही याच सुमारास निघतात. कवितासंग्रह, गावाचा इतिहास, मंचावर गाजलेली नाटकं. बहुतेक लेखकानेच पदरमोड करून छापलेली. प्रकाशक म्हणून घरच्याच माणसाचं नाव, पत्ता राहत्या घराचा.

अशा पुस्तकावर विकिपीडियात लेख टाकला आणि तो काढला गेला, की चंद्रपूर-गडचिरोलीवर पुन्हा अन्याय झाला अशी ओरड होते. आम्हाला ते पटत नाही. ज्ञानकोशाचा निकष सरळ आहे : लेखकाशी लागेबांधे नसलेल्या निदान दोघांनी त्या पुस्तकावर सविस्तर लिहिलेलं प्रसिद्ध झालेलं असावं. स्वतः छापलं एवढ्यावरून पुस्तक बाद होत नाही. मात्र मित्राची प्रस्तावना, मलपृष्ठावरची स्तुती, प्रकाशन सोहळ्याची बातमी या साक्षी धरल्या जात नाहीत. आयएसबीएन क्रमांक तर आपल्या देशात विनामूल्य मिळतो. त्यावरून पुस्तकाचं मोल ठरत नाही. हा निकष सैल केला, तर ज्याचा वशिला मोठा त्याचीच नोंद होईल, आणि त्यात सर्वांत आधी आपण मागे पडू.

खरी उणीव आपली आहे. आपण शाल-श्रीफळ देतो, परीक्षण लिहीत नाही.

त्याची किंमत केवढी असते, हे विदर्भाला ठाऊक असायला हवं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापलं गेलं, प्रती 500. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा कुठे अभ्यासक त्याच्याकडे वळले. आज भारतीय स्त्रीवादाचा इतिहास त्याच्यावाचून सांगता येत नाही. पुस्तक तेच होतं. मधली 90 वर्षं त्याच्याबद्दल लिहिणारं माणूस हवं होतं.

आपल्या पुस्तकांबद्दल आपणच लिहायला हवं, कारण जाणकार इथेच आहेत. तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे कसे मोजतात, हे लेखकाने पाहून लिहिलं की ऐकून, ते एटापल्ली-धानोऱ्याचा वाचकच ओळखेल. झाडीबोलीतला संवाद खरा उतरला की नाही, हे मंडईत रात्रभर नाटक पाहणाऱ्यालाच कळेल.

म्हणून यंदापासून या दिवाळी अंकात परीक्षणांना स्वतंत्र विभाग दिला आहे. अटी दोनच : परीक्षण लिहिणारा लेखकाच्या नात्यागोत्यातला किंवा मंडळातला नसावा, आणि पुस्तकातली उणीव त्याने स्पष्ट लिहावी. भिडेखातर केलेली स्तुती आम्ही छापणार नाही. काही लेखक नाराज होतील, ते आम्ही सोसू. दहा पुस्तकांपैकी दोन जरी या कसोटीला उतरली, तरी त्यांच्यासाठी नोंदीची मागणी ताठ मानेने करता येईल.



— संपादक