डुकराचं काय चुकलं?

खेळून चिखलात माखून घरी आलात की आई काय म्हणते? “शी! डुकरासारखा लोळून आलास!” पण डुक्कर चिखलात का लोळतं, ठाऊक आहे? त्याला घाम जवळजवळ येतच नाही. चिखल हाच त्याचा पंखा!

मग डुक्कर खरं कसं असतं? स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश यांनी १९८०च्या सुमारास एक गंमत केली. पाळीव डुकरांना कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात सोडलं. तिथं झाडं होती, झुडपं होती, ओढा होता, दलदलही होती. मग दोघं नुसते बघत राहिले.

आणि काय दिसलं? दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ डुकरं चरत होती, नाकानं माती उकरत होती. झोपायला त्यांनी मिळून घरटं बांधलं, वारा लागू नये अशा बेतानं. शी-शूला जायची जागा घरट्यापासून चांगली लांब! पिलं व्हायची वेळ आली की आई कळपापासून दूर जाई, खड्डा उकरी, गवत-काटक्या आणून अंथरूण करी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बरं का!

आता हेच डुक्कर मोठ्या कारखानी फार्मवर पाहा. खाली उघडं सिमेंट, आजूबाजूला दाटी, उकरायला काही म्हणजे काही नाही. पावसात घरात कोंडून बसलात की तुम्ही भावंडांशी भांडता ना? तसंच इथंही होतं. रिकामं तोंड शेजाऱ्याच्या शेपटीकडे वळतं. शेपटी चावली, रक्त आलं, की आणखी डुकरं चावायला धावतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी पिलांच्या शेपट्याच कापून टाकतात! खरं तर पेंढा अंथरला, तरी हे चावणं पुष्कळ कमी होतं.

अरुंद पिंजऱ्यातल्या मादीला तर वळताही येत नाही. ती गज चावत राहते. पिलं व्हायच्या आधी ती उघड्या सिमेंटवरच पाय घासते, नाकानं उकरते. नसलेल्या गवताचं घरटं बांधत असते ती!

गाभण मादीला अशा पिंजऱ्यात ठेवायला ब्रिटनमध्ये १९९९पासून बंदी आहे. युरोपीय संघात २०१३पासून तिला बहुतेक काळ कळपात ठेवावं लागतं. पिलं होतानाचा पिंजरा मात्र बऱ्याच देशांत अजून आहे. आई अंगाखाली पिलं चिरडेल, ही तिथल्या शेतकऱ्यांची भीती. ती खोटी नाही. पण आईचे हाल न करता पिलं कशी वाचवायची, हे कोडं सोडवायला हवं. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी सोडवेल?

तोवर एक करा. बांधलेला कुत्रा सारखा भुंकतोय, पिंजऱ्यातला पोपट स्वतःचीच पिसं उपटतोय असं दिसलं, तर “वाईट खोड” म्हणू नका. आधी त्याचं घर बघा!