जाहिरातीतील कथा

माजिवड्याच्या उंच इमारतींतील कित्येक मुले संध्याकाळी संघ करून नेमबाजीचे व्हिडिओ खेळ खेळतात. या खेळांच्या जाहिरातीसाठी काढलेले काही लघु चलच्चित्रपट खऱ्या कथेच्या तोलाचे असतात. ‘ओव्हरवॉच’ या खेळासाठी २०१६ साली निघालेला ‘द लास्ट बॅस्टिअन’ हा तसाच एक होय. रानात निपचित पडलेले लढाऊ यंत्र जागे होते. एका पाखराशी त्याचे मैत्र जुळते. पुढे युद्धाचे स्मरण होऊन ते शहराकडे निघते. पण पाखराने आणलेली डहाळी पाहून माघारी वळते. एकही संवाद नसता हा बोध मनावर ठसतो. परंतु प्रत्यक्ष खेळात तेच यंत्र पुन्हा गोळ्या झाडते! कथेला मनापासून दाद द्यावी. मात्र ती कशाच्या विक्रीसाठी सांगितली, हेही विवेकाने ओळखावे.