ऊन फुकटचे, पण जमीन कोणाची?

वरणगावहून भुसावळकडे निघाले की दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच. कोळसा रेल्वेने येतो, पाणी हतनूरचे आणि राख जाते वेल्हाळ्याच्या बंडात. एक युनिट वीज तयार करायला अदमासे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्या देशातल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. एवढे सारे आपल्याच शिवारालगत घडते. पण केळीला पाणी द्यायची पाळी आली की लाईट रात्रीची! बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला विंचू-सापाचे भय नवीन नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती, तेव्हा रात्रीचे भरणे म्हणजे काय ते गिरणाकाठच्या लोकांना विचारा. ही रात्रपाळी अजून सगळीकडे संपलेली नाही. २०२४ मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले, चांगलेच झाले. पण बिल माफ झाले म्हणून रात्र माफ झाली नाही.

आता दिवसा लाईट द्यायची तर सूर्याशिवाय स्वस्त उपाय नाही, हे सरकारलाही पटले आहे. शेतीचा पंप आणि सूर्य यांची जोडी जमतेही छान. घरातला दिवा संध्याकाळीच लागतो, तो दुपारच्या उन्हावर पेटवायचा तर बॅटरी हवी. पाण्याचे तसे नाही. ते दुपारी उपसले काय आणि रात्री उपसले काय, पिकाला सारखेच. म्हणूनच २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची, अशी ही योजना. दुसरीकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. त्यात शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के.

इथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू बाजू बघा.

सूर्य फुकटचा, हे खरे. पण त्याचे ऊन पकडायला जमीन लागते, आणि जमीन कुठल्या मंत्रालयात पिकत नाही, ती गावात असते. एक मेगावॅटला चार ते पाच एकर. पाच अश्वशक्तीच्या एका सौर पंपाच्या पॅनेलला गुंठाभरही लागत नाही, ती अडचण वेगळी आहे. प्रश्न आहे तो फीडरसाठीच्या प्रकल्पाचा, आणि त्यासाठी सर्वांत आधी नजर जाते ती गायरानावर.

गायरान म्हणजे रिकामी पडलेली जमीन, असे तालुक्याच्या नकाशावर दिसत असेल. गावात तसे नसते. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याच्या शेळ्या त्याच गायरानावर जगतात. गावाच्या सामाईक जमिनी वाचवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले, आणि त्याच वर्षी राज्य सरकारनेही तसा निर्णय काढला. आज सौर प्रकल्पाला सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे, एकूण १५ लाख मिळायची तरतूद आहे. प्रकल्प मात्र पंचवीस-तीस वर्षांचा! तीन वर्षांच्या पैशात गटार आणि सभामंडप होईल. पुढच्या बावीस वर्षांच्या चाऱ्याचे काय, हे सरपंचांनी सही करण्याआधी विचारायचे की नंतर?

आमचा सौर प्रकल्पाला विरोध नाही, उलट तो लवकर व्हावा असेच म्हणणे आहे. पण किती जमिनीवर, हा हिशेब गावाने स्वतः मांडावा. तो अवघड नाही. एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार हजारांवर युनिट देतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर ३० युनिट खातो. म्हणजे १३०-१४० पंपांचे काम एका मेगावॅटवर, पाच एकरात भागते. गावात पंप असतील दोनशे, तर सात-साडेसात एकर पुरे. उन्हाळ्यात केळीला जास्त पाणी लागते म्हणून आणखी दोन एकर धरा. आता कोणी पन्नास एकर मागायला आला, तर त्याला सरळ विचारा : भाऊ, ही दहा मेगावॅटची जागा झाली, आमची गरज दोनाची, बाकीची वीज कोणाची? उत्तर असेलही. शेजारच्या चार गावांचे फीडर त्याच उपकेंद्रावर असतील. मग जमिनीचा भारही चार गावांनी वाटून घ्यावा.

खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. केळीचे रान कोणी देणार नाही, देऊही नये. पण मुरमाड, कोरडवाहू तुकड्याला हा पैसा कमी नाही. अशी जमीन मिळत असेल तर गायरानाला हात लावायचे कारण उरत नाही. अडत इतकीच की गायरान कंपनीला स्वस्तात पडते. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, हे लक्षात ठेवा. फायदा सरकारचाही आहे, म्हणून गावाने याचकासारखे उभे राहू नये.

जमीन जाण्याचा अनुभव खान्देशाला नवा नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या त्याआधीच्या. आणि विखरणचे धर्मा पाटील कोण विसरेल? शिंदखेडा तालुक्यातल्या या वयोवृद्ध शेतकऱ्याची जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. मोबदला तुटपुंजा मिळाला म्हणून ते दारोदार फिरले, जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच ते गेले. जमीन आधी औष्णिक प्रकल्पाच्या नावाने घेतली होती, पुढे तिथे सौर प्रकल्पाची बोलणी झाली. वीज कोळशाची असो की उन्हाची, मोजणी आणि पंचनामा करणारी माणसे तीच आणि कागदही तेच.

जाता जाता पंपवाल्यांना दोन शब्द. आपले ऊन कडक म्हणून वीज जास्त, असा अनेकांचा समज आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. भुसावळला पारा ४५ वर गेला की काच तापून वीज उलट घटते. धूळ बसली तर आणखी घटते, म्हणून सकाळी पॅनेल धुवा. आणि बिल नाही, मीटर नाही म्हणून पंप दिवसभर सुरू ठेवू नका. रावेर-यावलची भूजल पातळी कुठे गेली आहे ते बोअर मारणाऱ्याला विचारा. अश्वशक्ती विहिरीचे पाणी बघून मागा, शेजाऱ्याचा पंप बघून नव्हे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. ग्रामसेवक आणि तलाठी (२०२४ पासून कागदावर त्यांची पदनामे बदलली, माणसे तीच आहेत) यांना गायरानाचा गट नंबर आणि क्षेत्र वाचून दाखवायला सांगा. त्याआधी उपकेंद्रावर जाऊन आपल्या फीडरवर किती पंप आहेत आणि किती अश्वशक्तीचे, हा आकडा लेखी मागा. मंडळाचे, म्हणजे आताच्या महावितरणचे साहेब उद्या या म्हणाले, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.