तासिकेवर तोललेले गुरुत्व

शिक्षकदिनी व्यासपीठांवरून गुरुपरंपरेचे जे गोडवे गायिले जातात, ते ऐकताना सभागृहाच्या मागच्या रांगेतील तासिका प्राध्यापकाच्या मनात काय येत असेल, याचा विचार वक्त्यांनी एकदा तरी करावा. टाळ्या वाजविणाऱ्यांत तोही असतो. त्या तासाचे मानधन मात्र त्याला मिळत नाही, कारण त्या तासाला त्याने शिकविलेले नसते!

वर्धा जिल्ह्यातील सेलूचे उदाहरण घ्यावे. (परभणीकडील सेलू निराळे.) कापूस पिकविणाऱ्या घरातील मुलगा वर्ध्याला वा नागपूरला जाऊन पदव्युत्तर पदवी घेतो, नेट किंवा सेट उत्तीर्ण होतो. गावाला वाटते, पोरगा प्राध्यापक झाला. वास्तविक तो केवळ रांगेत उभा राहिलेला असतो. राज्याने २०१७ मध्ये भरती रोखली. २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागांना मान्यता दिली, ती प्रक्रिया २०२० च्या निर्बंधांत अडकली आणि उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा नव्याने मान्यता द्यावी लागली. दरम्यान वय कोणासाठी थांबले?

नियमांची कथा याहून विचित्र आहे. विद्यापीठीय विभागांतील नेमणुकीस जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ठरविले. मग ती मुदत २०२३ पर्यंत पुढे ढकलली. आणि जुलै २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान अर्हता पुरेशी मानली. पहिल्या घोषणेवर विसंबून ज्याने घरची बचत संशोधनात घातली, त्याला जाब कोण देणार? मानधनाचेही तसेच. राज्याने २०१८ मध्ये पदवी स्तरावरील तासिकेचा दर ५०० रुपये केला आणि दोनच महिन्यांनी आयोगाने अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० व महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचविले. पुढे राज्याने दर वाढविला खरा. पण सुट्टीचा पगार नाही आणि पुढील वर्षाची शाश्वती नाही, हे दुखणे तसेच राहिले.

प्राध्यापकांच्या जुन्या संघटनांकडून अपेक्षा करावी, तर त्यांचे बळ मुख्यतः सेवेत असलेल्यांसाठी खर्ची पडते. २०१३ मध्ये परीक्षाकामावर जो दीर्घ बहिष्कार पडला, त्याच्या मागण्यांत सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबर नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न होता. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. परंतु परीक्षा उत्तीर्ण होऊन दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी परीक्षा थांबल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. नेट-सेटधारकांच्या स्वतंत्र संघटना आहेत, मोर्चे काढतात, उपोषणे करतात. मात्र तरुण तेथे पोहोचतो तो दहा वर्षे वाया गेल्यावर.

म्हणून संघटना हवी ती पदव्युत्तर वर्गातच. सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अध्यापनाची इच्छा बाळगणाऱ्या वीस मुलामुलींनी एकत्र बसावे. परिसरातील कोणत्या महाविद्यालयात मंजूर पदे किती, रिक्त किती, बिंदुनामावली काय सांगते, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. ज्येष्ठांसमोर पाठ घ्यावेत, मराठीत अभ्याससाहित्य लिहावे. ‘पोरे राजकारण करतील’ ही संस्थाचालकांची भीती समजण्यासारखी आहे; ज्याला रिक्त पदांचा आकडा ठाऊक, त्याच्याकडे देणगीची भाषा बोलणे अवघड जाते.

राहिला त्यागाचा उपदेश. पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी एकोणिसाव्या शतकात अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेचे व्रत घेतले, गोखल्यांनी ते पाळले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते सदस्य संस्था स्वतः चालवीत होते. निर्णय त्यांचा, त्यागही त्यांचा. आजच्या तासिका प्राध्यापकाचे नाव मात्र कर्मचाऱ्यांच्या कायम पटावरही नसते, आणि नवे सत्र आले की मागील वर्षी शिकविलेल्याच विषयासाठी त्याला पुन्हा मुलाखतीला बोलाविले जाते.