विहिरीचा अहवाल गावाच्या फलकावर हवा

बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होऊन ठाणे जिल्ह्यातील नळांना जाते. नागपूर जिल्ह्यातील सावनेर परिसरात मात्र वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत कोळसा खाणींभोवती जी घरे विहिरीवर किंवा हातपंपावर अवलंबून आहेत, त्यांच्या पाण्याला वाटेत असे केंद्र लागत नाही.

भूमिगत खाणीत झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे आसपासची भूजल पातळी खाली जाऊ शकते. शिवाय कोळशातल्या गंधकयुक्त लोहखनिजाला हवा-पाणी लागले की सल्फेट आणि लोह वाढू शकते. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 400 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. सल्फेट डोळ्यांना दिसत नाही; मोजावेच लागते.

मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी अशी वर्षातून चारदा भूजल तपासण्याची अट खाणींच्या पर्यावरण मंजुरीत सहसा असते. अट योग्यच आहे. पण ते आकडे इंग्रजी अनुपालन अहवालाच्या परिशिष्टात ठेवून काय उपयोग? ग्रामपंचायतीच्या फलकावर ते मराठीत लागले पाहिजेत: विहीर कोणती, नमुना कधीचा, मर्यादा किती, आढळले किती. नमुना घेताना गावातले कुणी हजर असावे. खाण बंद झाल्यावरही मोजणी थांबू नये, कारण उपसा थांबला की पाणी चढते आणि जुन्या पोकळ्यांतले क्षार सोबत आणते.

पाटणसावंगीला याच कंपनीने खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरले. तिला शेजारच्या विहिरीचा निकाल दर तिमाहीला गावाला सांगणे अवघड नाही.