सुट्टी लागली की गावाकडेच कशाला? सुरत पाहा!

इच्छापोर, पाल, अडाजण या भागांत राहून हजिऱ्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना एक कळकळीचं सांगणं आहे. जोडून सुट्टी आली की आपण बॅगा भरतो आणि जळगाव, धुळे, नाशिक गाठतो. ते जमलं नाही तर डुमस रोडवरचा मॉल. मुलं इथे लहानाची मोठी होतात, पण त्यांनी सुरतचा किल्ला आतून पाहिलेला नसतो. महिन्यातला एक रविवार तरी या शहरासाठी ठेवा.

सुरुवात किल्ल्यापासूनच करा. रांदेर रोडने येऊन नेहरू पूल ओलांडला की चौकात, तापीच्या काठावर तो उभा आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवायला १६व्या शतकात गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंद खानाने तो बांधला. महापालिकेने त्याची नीट डागडुजी करून आत संग्रहालय केलं आहे. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराजांची सुरतेवरची स्वारी आपण सगळ्यांनी वाचली आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज शहरात आले, तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. मुलांना इथे आणा आणि ती गोष्ट इथेच सांगा. पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या तटाखाली उभं राहून ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसेल.

मग तिथून कतारगाम दरवाजाकडच्या इंग्रजांच्या कबरस्तानात जा. कबरस्तानात मुलांना कसं न्यायचं, असा विचार करू नका. घुमट आणि खांबांची तिथली एक कबर तर लांबून महालासारखी दिसते. त्यात ऑक्झेंडन बंधू आहेत. त्यांतला जॉर्ज १६६४ मध्ये इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता आणि महाराजांच्या माणसांपुढे त्याने वखार राखली होती. म्हणजे एकाच गोष्टीची दुसरी बाजू इथे पाहायला मिळते. जवळच डच लोकांचं कबरस्तान आहे. तिथे मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड विसावला आहे. आपल्या इतिहासाचे आणखीही धागे इथे आहेत: राघोबादादांचा १७७५ चा इंग्रजांशी तह याच शहरात झाला आणि टिळकांच्या काळी काँग्रेसमध्ये फूट पडली ती १९०७ च्या इथल्याच अधिवेशनात. सुरत आपल्याला परकी वाटावी असं काही नाही. उधना, लिंबायतला एक फेरी मारा, अर्धी दुकानं खानदेशी बोलतात. महापालिका मराठी शाळाही चालवते.

एवढं फिरल्यावर भूक लागणारच. लोचो खायचा असेल तर सकाळी लवकर जा. चण्याच्या डाळीचं सैल पीठ वाफवून वर तेल, शेव, कांदा आणि मसाला घातलेला हा पदार्थ गरम असतानाच खायचा. घरी बांधून आणू नका, निम्मी चव वाटेतच जाते. दुपारनंतर रांदेरला वळा. ते आपल्याच काठावर आहे आणि सुरतेच्याही आधीचं बंदर आहे. जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या आणि मशिदी बघत पायी फिरा आणि तिथली आलुपुरी खा. रमजानच्या रात्री इथे खावसा हा नूडल्सचा पदार्थ खायला सगळं शहर लोटतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो असतो. त्या रात्री सुरती माणसं घारी ही मिठाई आणि भुसू हे फरसाण घेऊन सहकुटुंब रस्त्याकडेला बसतात. आपली कोजागिरी आदल्या रात्री गच्चीवर करा आणि हा पडवो शेजाऱ्यांबरोबर करा. मैत्री व्हायला याहून चांगली रात्र नाही. मात्र घारीत तूप आणि मावा भरपूर असतो. म्हाताऱ्या माणसांना अर्धी पुरे.

समुद्राबद्दल मात्र सावध करायला हवं. सुवालीचा किनारा आपल्याला सगळ्यात जवळचा. १६१२ मध्ये तिथेच इंग्रजांनी पोर्तुगीजांना समुद्रात हरवलं आणि इंग्रजांचे पाय गुजरातेत रोवले गेले. वाळूवर खुशाल बसा, पण पाण्यात शिरू नका. भरती फार वेगाने येते, ओढ जबरदस्त असते आणि तिथे माणसं बुडाली आहेत. मुलांचा हात सोडू नका. डुमसलाही तेच. तिथे जायचं ते काळी वाळू पाहायला आणि टोमॅटोची भजी खायला. टोमॅटोच्या चकत्यांवर हिरवी चटणी लावून, पिठात बुडवून तळलेली ती भजी संध्याकाळच्या वाऱ्यात फार छान लागतात.

पाण्यावर जायचीच हौस असेल तर हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणारी फेरी आहे. ती नोव्हेंबर २०२० पासून सुरू आहे आणि गाडीसकट चढता येतं. रस्त्याने भावनगर म्हणजे खंभातच्या आखाताला मोठा वळसा, तोच प्रवास बोटीने काही तासांत होतो. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

आणि पोंक! हुरड्यासाठी जीव टाकणारी आपली माणसं इथे राहूनही हिवाळ्यात पोंक खायला जात नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, सोबत लिंबू-मिरीची किंवा लसणाची शेव, खडीसाखर आणि ताक. अडाजणला सरदार पुलाजवळ पोंकची दुकानं लागतात. पोंकवडेही तिथेच मिळतात. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यातही कडाक्याच्या थंडीत दाणा गोड लागतो. या वर्षी नाताळच्या सुट्टीत गावी जाण्याऐवजी आई-वडिलांना आणि भावंडांनाच इकडे बोलवा. भुसावळहून सुरतेला थेट गाडी आहे.