एक्स ठेवायचं की वेलँड घ्यायचं?

परवा रात्री मेसमधून परतताना आमच्या विंगमध्ये पुन्हा तोच वाद पेटला. निमित्त लॅबचं. मेच्या सुट्टीत लॅबमधल्या सगळ्या मशीन्सवर नवीन लिनक्स टाकायचं घाटतंय आणि त्यात जुनं 'एक्स' नसणार, फक्त 'वेलँड' असणार. फायनल इयरवाले म्हणाले, "आमचं सबमिशन होईपर्यंत कशाला हात लावू नका." सेकंड इयरमधला एक जण फटकन म्हणाला, "आजोबा, १९८४ सालची वस्तू अजून किती दिवस सांभाळणार?" आजोबा म्हणजे अस्मादिक. असो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे, म्हणून हा लेख.

ज्यांना हे दोन्ही शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या, माऊस आणि कीबोर्डचा निरोप बरोबर त्याच खिडकीला पोचवायचा, हे काम कुणीतरी करावं लागतं. लिनक्सवर ते एक्स करत आलं. एक्सचा जन्म १९८४ मध्ये एमआयटीत झाला. आधीच्या पद्धतीचं नाव डब्ल्यू होतं, म्हणून पुढची एक्स! १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, ती एक्स११. आज आपण वापरतो ती हीच. म्हणजे आपल्यापैकी कुणाचाही जन्म झाला नव्हता तेव्हाची. वेलँडची सुरुवात २००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग याने केली आणि १.० आवृत्ती २०१२ मध्ये आली. गंमत म्हणजे वेलँड हे मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं नाव आहे आणि एमआयटीही त्याच राज्यात. पुढे ही नवी पद्धत उभी करणाऱ्यांत एक्सवर वर्षानुवर्षं काम केलेले बरेच जण होते. घर सोडून गेले ते घरातलेच लोक, हे लक्षात ठेवा.

फरक काय? एक्समध्ये प्रोग्रॅम सर्व्हरला सांगतो, सर्व्हर ते खिडक्या एकत्र मांडणाऱ्या कंपोझिटरला देतो, तो मांडून परत सर्व्हरला देतो आणि मग स्क्रीनवर चित्र येतं. एक फॉर्म सही करायला तीनदा त्याच टेबलावर नेण्यासारखं! वेलँडमध्ये कंपोझिटर हाच सर्व्हर. प्रोग्रॅम आपलं चित्र स्वतः काढतो आणि त्याच्या हातात देतो. एक हेलपाटा कमी.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे आणि तो मी माझ्याच मशीनवर करून पाहिला. एक्सवर एका खिडकीत 'एक्सइनपुट'ची एक साधी कमांड चालवली आणि दुसऱ्या खिडकीत पासवर्ड टाइप केला. प्रत्येक कीचा नंबर पहिल्या खिडकीत हजर! रूट पासवर्ड नाही, हॅकिंग नाही, काही नाही. एक्समध्ये एकाच सेशनमधले सगळे प्रोग्रॅम एकमेकांवर विश्वास ठेवतात. १९८७ मध्ये ते चालून गेलं. पण हॉस्टेलमध्ये कुठूनही आणलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवणारे आपण, आपल्याला ते परवडणारं नाही. वेलँडवर हाच प्रयोग केला तर दुसऱ्या खिडकीतल्या कीज दिसत नाहीत. त्या रात्रीपासून माझा रोजचा लॅपटॉप वेलँडवर आहे.

मग मी फायनल इयरवाल्यांच्या बाजूने का बोलतोय? कारण याच वर्षी माझी दोनदा फजिती झाली.

पहिली फजिती याच मराठी विभागाची. सगळे लेख आम्ही हॉस्टेलवर इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतो. मी केडीईवर वेलँड सुरू केलं आणि आयबसचं मराठी काही खिडक्यांत उमटेना. संपादकांना उद्या द्यायचे लेख आणि स्क्रीनवर नुसतं इंग्रजी. अर्धी रात्र गेली. शेवटी कळलं की केडीईच्या सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नावाच्या पानावर जाऊन आयबस निवडायचा असतो. व्हर्च्युअल कीबोर्डचा आणि माझ्या खऱ्याखुऱ्या कीबोर्डचा काय संबंध, हे कुणाच्या डोक्यात येणार? चूक माझीच, आधी वाचलं नाही. पण उपाय एका क्लिकचा होता आणि तो सांगणारं कुणी नव्हतं, हेही खरं.

दुसरी फजिती प्रोजेक्टची. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं 'ईसिम' आपल्याकडे बरेच जण वापरतात. त्यात सर्किट काढायला किकॅड आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस. सर्किट काढताना बाण भलतीकडेच जाऊन बसायचा आणि खिडक्या ठेवल्या जागी राहायच्या नाहीत. गाईड सरांना वाटलं, मला सॉफ्टवेअर येत नाही. पुढे कळलं की किकॅडच्या लोकांनी २०२५ मध्ये स्वतःच स्पष्ट लिहिलंय, व्यावसायिक कामासाठी सध्या एक्स११ वापरा. कारणही सरळ आहे. प्रोग्रॅमने माऊसचा बाण स्वतः हलवणं, आपली खिडकी हव्या त्या जागी ठेवणं, या गोष्टी वेलँडने सुरक्षेसाठी आणि शिस्तीसाठी बंद किंवा मर्यादित ठेवल्या. त्यातल्या काहींवरच किकॅडसारख्या प्रोग्रॅमचं काम अवलंबून आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सानपाड्याहून सीएसएमटीला जाताना आपण ज्या तारेखालून जातो तिचा इतिहास बघा. देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, ती याच हार्बरवर, १५०० व्होल्ट डीसीवर. तेवढीच पॉवर कमी व्होल्टेजवर द्यायची तर करंट जास्त आणि सबस्टेशन्स जवळजवळ. त्यामुळे कधीतरी २५,००० व्होल्ट एसीवर जावं लागणारच होतं. हार्बर पूर्णपणे एसी झाली एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे ९१ वर्षांनी. पण रेल्वेने एका रात्रीत जुनी तार कापून "उद्यापासून सगळे नव्या गाडीत बसा" असं केलं नाही. आधी मुंबईत दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. एकेक टप्पा बदलत नेला. जुन्या पुलांखाली तारेला पुरेशी उंची मिळत नव्हती, तिथे आधी पुलाचं बघावं लागलं. डीसी वाईट म्हणून गेलं नाही, त्याची वेळ संपली म्हणून गेलं.

आपल्याकडे ती दोन व्होल्टेजची गाडी म्हणजे 'एक्सवेलँड'. जुने प्रोग्रॅम त्यातून नव्या पद्धतीवर चालतात. रूममधून लॅबच्या सर्व्हरला एसएसएच करून तिथला प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडायची सोयसुद्धा त्यामुळे बंद पडत नाही. तेव्हा "वेलँड आलं की एसएसएच मेलं" ही विंगमधली अफवा कृपया थांबवा. पण पुलाखालची उंची कमी पडते तशा काही जागा उरतातच. किकॅड ही त्यातलीच एक.

घाई केली की काय होतं हे उबंटूनेही अनुभवलंय. २०१७ मध्ये १७.१० ला वेलँड मुख्य केलं, पुढच्याच १८.०४ ला परत एक्स, आणि पुन्हा वेलँड आलं ते २०२१ मध्ये. मात्र "एक्स कायम राहणार" म्हणणाऱ्यांनीही डोळे उघडावेत. २०२५ मध्ये रेड हॅट १० मधून एक्सचा सर्व्हर गेला, उबंटू २५.१० मधून नोमचं एक्स सेशन गेलं आणि केडीईने प्लाझ्मा ६.८ पासून ते नसेल असं जाहीर केलं. काहींनी एक्सलिब्रे नावाने एक्सची नवी शाखा काढली आहे, त्यांना शुभेच्छा. पण त्या भरवशावर लॅब चालवता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच. लॅबमध्ये नवीन लिनक्स जरूर टाका, वेलँडसकट. पण चार मशीन्स उबंटू २४.०४ वर राहू द्या. त्यात एक्सचं सेशन आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्या मशीन्सवर "सर्किट आणि पीसीबीसाठी" अशी चिठ्ठी लावा. आयबसची ती सेटिंग लॅब असिस्टंट काकांनी सगळीकडे आधीच करून ठेवावी, मी मदतीला येतो. आणि बदल सबमिशननंतर करा, आधी नाही.

सेकंड इयरवाल्यांनो, तुमच्यासाठी एक काम. नुसतं "जुनं फेका" म्हणू नका. काय चालत नाही त्याची यादी करा आणि त्या त्या प्रोजेक्टला बग रिपोर्ट पाठवा. मी माझा पहिला रिपोर्ट पाठवलाय. इंग्रजी जरा कच्चं होतं, पण उत्तर आलं!

बघा पटतंय का. नाही पटलं तर मेसमध्ये भेटूच. चहा मात्र आजोबा पाजणार नाहीत.